खाजा मिस्त्रींनी लावलेले डोळे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खाजा मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मागे पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराखाली मीठ, तुरटी नि ओल्या कातड्याचा असा वास की नवखा माणूस नाकाला धोतराचा सोगा लावल्याशिवाय पुढे जात नसे. आम्हा गल्लीवाल्यांना तो वास जाणवेनासा झाला होता. मिस्त्री मेलेली जनावरं भरायचे. वाघ, बिबटे, सांबरं, काळवीट, कधी एखादा मोर. जळगावात त्या काळी ज्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर एखादं मुंडकं नाही त्याला कोणी बडा माणूस म्हणत नव्हतं, आणि त्यातली बहुतेक मुंडकी मिस्त्रींच्या हातची होती. भुसावळचे कंत्राटदार, धुळ्याचे गिरणीवाले, असे लोक टांग्यात कातडं घालून त्यांच्या दाराशी यायचे.

ही विद्या ते इंदूरला शिकले. तिथे एका संस्थानिकाच्या पदरी एक उस्ताद होते, त्यांच्याकडे पोरवयात राहिले आणि उस्ताद वारल्यावर जळगावला परतले. काम सावकाश चाले. कातडं खारवून, मुंडक्यासकट आलेलं असायचं. ते धुवायचं, तुरटीत मुरवायचं, आतून सोमलाचा विषारी लेप द्यायचा म्हणजे किडा लागत नाही. मग लाकडाचा सांगाडा, तार, काथ्या, वरून प्लास्टर, त्यावर कातडं चढवून आतल्या बाजूने शिवण. जीभ लाखेची. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळ्यांसाठी मुंबईहून फुगीर काचा यायच्या, साध्या, बिनरंगाच्या. त्यांच्या मागच्या बाजूला मिस्त्री खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने रंग भरायचे. आधी मधोमध काळी उभी रेघ, मांजराच्या डोळ्यात दुपारी असते तशी. ती वाळली की भोवती पिवळा, कडेला किंचित हिरवट. उस्तादांनी शिकवलं तसं. हे डोळे बसले की वाघ खोलीत आल्यासारखा वाटायचा. रतिलाल शेठच्या पेढीवर येणारी गिऱ्हाइकं तिथल्या भिंतीवरच्या वाघाकडे पाठ करून बसत नसत.

हे रतिलाल शेठ म्हणजे सरकी नि तेलाचे व्यापारी, हौशी शिकारी. मिस्त्रींचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आणि एका परीने दोस्तही. शेठ शिकारीहून आले की आधी मिस्त्रींच्या दुकानात चहा व्हायचा, मग घरी जाणं.

मिस्त्रींनी एकही वाघ जिवंत पाहिला नव्हता. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तसं विचारायची वेळच आली नव्हती. ती आली सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात.

त्या वर्षी आमच्या वाचनालयाने वन्यप्राणी सप्ताह साजरा करायचं ठरवलं. शिकारीचा नवा कायदा येऊन काही वर्षं झाली होती, परवाने लागत होते, काही महिने बंदी असे, आणि लोकांना त्यातलं धड काही ठाऊक नव्हतं. वाचनालयाचे चिटणीस छगन मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. व्याख्यान ठेवलं तर कुत्रं फिरकणार नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होतं, म्हणून त्यांनी प्रश्नोत्तरांची चढाओढ ठेवली. तीन टेबलं. एकावर बंदूकवाले, एकावर गळवाले, एकावर पुस्तकवाले. बक्षीस केळीचा घड. मी तेव्हा वाचनालयात कारकुनी करायचो, म्हणून सतरंज्या घालण्यापासून सगळं पाहायला मिळालं.

बंदूकवाल्यांच्या टेबलावर रतिलाल शेठ होते, त्यांनी मिस्त्रींना ओढून आणलं. मिस्त्री धुतलेला पायजमा, काळी टोपी घालून आले होते. शेठ सगळ्यांना सांगत होते, "आमच्या खाजाभाऊंनी जेवढे वाघ हाताळलेत तेवढे कोणा इंग्रजानेही हाताळले नसतील." मिस्त्री लाजून मान खाली घालत होते, पण खूश होते.

सुरुवात झकास झाली. मास्तरांनी गळवाल्यांना विचारलं, "कोणता मासा आपल्या पिलांची राखण करतो?" झुलाल भोई मेहरूणच्या तलावावर मासे धरायचा, तो बसल्या जागेवरून ओरडला, "मरळ! नर-मादी दोघं राखतात. त्या वेळी पाण्यात पाय घातला तर चावते." टाळ्या. पुस्तकवाल्यांना विचारलं, डोहात सुरुंग लावून मासे मारणं वाईट का? त्यांच्यातल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की मोठ्यांबरोबर सगळी बारकी पिलंही मरतात, आणि मागून झुलाल म्हणाला, "आणि लावणाऱ्याचा हातही जातो, आमच्यात एक आहे." सगळे हसले. तितराच्या शिकारीला बंदी कधी, हे शेठना सांगता आलं नाही, तेव्हा झुलालने खिजवलं, "शेठला कुठलाच महिना बंद नाही." शेठही हसले. चढाओढ रंगली होती.

मग मास्तर मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, तुमच्यासाठी खास सोपा प्रश्न ठेवलाय. भर दुपारी, उन्हात, वाघाच्या डोळ्यातली बाहुली कशी दिसते? गोल की उभी?"

मिस्त्री हसले. "उभी," ते म्हणाले. "मांजरासारखी. रेघ असते."

"चूक," मास्तर म्हणाले. "गोल असते. माणसासारखी."

"उभी असते, मास्तर."

"मिस्त्री, पुस्तकात आहे. वाघ, सिंह, बिबट्या, सगळ्यांची गोल. उभी फक्त लहान मांजरांची."

मिस्त्री उठून उभे राहिले. "माझ्या हातून इतके वाघ गेले. माझे उस्ताद..."

"डोळे तर तुम्ही काढून टाकता ना?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सभेत हशा पिकला. दुसरा कोणी ओरडला, "म्हणजे शेठच्या पेढीवर मांजर टांगलंय!" हसण्याची लाट शेठच्या टेबलापर्यंत आली. शेठ स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. यात कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मास्तरांनी तर हसणाऱ्यांना गप्प केलं आणि मिस्त्रींना पुढचा प्रश्न देऊ केला. पण मिस्त्री खाली बसले ते पुन्हा बोललेच नाहीत. केळीचा घड गळवाल्यांनी नेला.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींचं नाव मांजरवाले मिस्त्री पडलं. भाजीबाजारात, मशिदीच्या पायरीवर, न्हाव्याकडे. थट्टाच ती, चार महिन्यांत विरली असती. पण मिस्त्रींच्या डोक्यातून प्रश्न जाईना. मेलेल्या वाघाचा डोळा त्यांच्यापर्यंत पोचायचा तेव्हा आटून, पांढरा पडून, कधी कावळ्यांनी टोचून गेलेला असायचा. खरोखरच त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. उस्तादांनी तरी पाहिला होता का? हेही त्यांना आता सांगता येईना.

ते आधी शेठकडे गेले. "शेठ, तुम्ही समोरासमोर पाहिलाय. खरं सांगा, बाहुली कशी असते?"

शेठ विचारात पडले. "खाजाभाऊ, वाघ निघाला की मी खांदा बघतो. डोळ्यात कोण बघत बसतं?"

आणखी दोन शिकाऱ्यांना विचारलं. एकाने गोल सांगितली, दुसऱ्याने उभी, आणि दोघांनी शपथ घेतली. मास्तरांनी पुस्तक उघडून चित्र दाखवलं. चित्र काळं-पांढरं, वाघ अंगठ्याएवढा, डोळ्याच्या जागी शाईचा ठिपका. मिस्त्रींनी पुस्तक खिडकीशी नेऊन पाहिलं, भिंग लावून पाहिलं आणि मिटून परत दिलं. "मास्तर, हा ठिपका आहे. यात काय दिसणार?"

"खाली लिहिलंय ना."

"लिहिलंय," मिस्त्री म्हणाले, "पण लिहिणाऱ्याने पाहिलंय का?"

त्यावर मास्तर वैतागले. माणसाने कुठेतरी विश्वास ठेवावा, असं काहीसं ते म्हणाले. मिस्त्री घरी आले. अर्धा झालेला एक बिबट्या छपराखाली डोळ्यांवाचून उभा होता. त्याचं काम त्यांनी तसंच सोडून दिलं.

थंडीत धुळ्याला सर्कस आल्याचं कळलं. मिस्त्री पहिल्या एस.टी.ने निघाले. दुपारचा खेळ सुरू व्हायच्या आत तंबूच्या मागे पिंजऱ्यांपाशी पोचले. वाघ होता. एकच, म्हातारा, कडेला पसरलेला, कातडं हाडांवर लोंबणारं. मिस्त्री गजांपाशी वाकले. वाघ झोपला होता. ते थांबले. पाणी देणाऱ्या माणसाने बादली आपटली तेव्हा वाघाने डोळे उघडले, आणि त्या दोन्ही डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू होता. बाहुली गोल की उभी, काहीच दिसत नव्हतं. वाघ आवाजाच्या दिशेने तोंड करून बघत होता, पण त्याला दिसत नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजर आला. कोण, कशाला, विचारलं. मिस्त्रींनी धंदा सांगितला. मॅनेजरचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा! बरं झालं आलात. हा उन्हाळा काही काढत नाही. पत्ता ठेवून जा, गेला की निरोप देतो. कातडं तुम्हीच न्या."

मिस्त्रींनी पत्ता दिला नाही. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही, पारोळ्यापर्यंत उभ्याने आले. मुमताजबीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवण वाढलं आणि विचारलं, "दिसला का?"

"दिसला," ते म्हणाले. "आंधळा."

मुमताजबी शांत बाई. घरातली बोली त्यांची हिंदुस्तानीच, पण आमच्या आईशी बोलताना मराठीत बोलायच्या. त्या आईला म्हणाल्या, "अजी, एवढ्या वर्षांत माणूस रागावलेला पाहिला नव्हता. आता ताट पुढे ठेवलं तरी ताटावर रागावतो."

फाल्गुनात मिस्त्री यावलला गेले. तिथून डोंगराच्या पायथ्याशी सुभान तडवीचा पाडा. सुभान शेठबरोबर हाक्याला, म्हणजे जनावर उठवायला जायचा, माग काढण्यात हुशार. मिस्त्रींनी आपलं काम सांगितलं. सुभानला वाटलं ऐकण्यात चूक होतेय.

"काय दखाले उनात, भाऊ?"

"वाघाचा डोळा."

"आनि वाघनी तुमना डोया दखा ते?"

पण तो तयार झाला. पहाटे पाण्याच्या डबक्यावर जाऊन झुडपात बसायचं, ऊन चढलं की परत. मिस्त्रींना जंगलाची सवय नव्हती. खोकला यायचा, पाय आखडायचे, मुंग्या चावायच्या. सुभान तोंडावर बोट ठेवून दटावायचा. पाण्यावर मोर आले, एक भेकर आलं, रानडुकरं येऊन चिखल करून गेली. वाघ नाही. मिस्त्री परत आले, पुन्हा गेले, चैत्रात आणखी एकदा गेले. मागसुद्धा दिसेना. शेवटच्या खेपेला ते झुडपातून उठले आणि वैतागून मोठ्यांदा म्हणाले, "अरे, गेले कुठे सगळे? दर हंगामात माझ्याकडे कातडी येतात, ती कुठून येतात मग?"

सुभानने विडी पेटवली. "मांगला साली व्हता एक. आते नही दखास." मग धूर सोडत म्हणाला, "तुमना शेठसना घर जाईसन दखा. बठ्ठा तठेच शेतस."

सगळे तिथेच आहेत, हा त्याचा टोमणा नव्हता, जे होतं ते तो सांगत होता. पण मिस्त्री तिथून तडक परत निघाले. यावलच्या स्टँडवर बस तीन तास आली नाही. शेजारी केळीच्या पानांचे भारे घेऊन मजूर बसले होते. मिस्त्री त्यांच्यात उन्हात बसून राहिले. नंतर मला म्हणाले, "माझा राग कोणावर होता तेच मला कळेना. सुभानवर नव्हता."

वैशाखात शेठना यावलच्या जंगलातला परवाना मिळाला. वाघ आल्याची खबर होती, दोन म्हशी गेल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, मी येतो. शेठना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी जीपमध्ये जागा दिली.

पुढचं मी मिस्त्रींकडून ऐकलं, आणि नंतर सुभानकडूनही. दोघांचं सांगणं जुळलं. भर दुपारी हाका निघाला. माणसं ढोल, डबे वाजवत नाल्याच्या वरच्या अंगाने उतरली. शेठ मचाणावर, मिस्त्री त्यांच्या मागे फांदीला घट्ट धरून. वाघ निघाला तो मिस्त्रींना नीट दिसलाही नाही, गवतातून काहीतरी तांबडं सरकलं एवढंच. शेठची गोळी सुटली. वाघ गुरगुरला आणि नाल्यात गडगडला.

गोळी पाठीच्या कण्याला लागली होती. मागचं अंग लुळं पडलं होतं, पण जनावर जिवंत होतं, पुढच्या पंजांनी वाळू ओढत होतं. शेठ दुसरी गोळी भरत होते. तेवढ्यात मिस्त्री मचाणावरून उतरले आणि नाल्याकडे धावले.

"खाजाभाऊ! मागे फिरा!" शेठ ओरडले.

सुभानने धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. पण मिस्त्री काठाशी पोचले होते. खाली चार-पाच हातांवर वाघ. त्याने मान वळवून वर पाहिलं.

"थांबा, शेठ," मिस्त्री म्हणाले. "मारू नका. जरा थांबा."

शेठना वाटलं, दया आली. त्यांनी बंदूक खाली घेतली. मिस्त्री वाकून बघत होते. ऊन थेट वाघाच्या तोंडावर होतं. बुबुळ पिवळं, मिस्त्रींनी आयुष्यात वापरला होता त्याहून खूप फिकं, आणि मधोमध मोहरीच्या दाण्याएवढी बाहुली. गोल. वाघ तोंड मिटून त्यांच्याकडे बघत होता, नाकाने धाप टाकत होता. मग धाप मंद होत गेली. ऊन तसंच होतं, पण बाहुली मोठी व्हायला लागली. आधी वाटाण्याएवढी, मग पिवळं सगळं कडेला ढकलत गेली. डोळा काळा झाला आणि त्यात वरचं झाड दिसायला लागलं.

शेठनी दुसरी गोळी घातलीच नाही, गरज उरली नाही. लोक नाल्यात उतरले, वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो झाले. मिस्त्री बाजूला दगडावर बसले होते. सुभानने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "दखी लिधा?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मुमताजबीला सांगितलं, "शेठ त्याला लगेच मारत होता. मी थांबवलं. मला बघायचं होतं म्हणून तो तेवढा वेळ जास्त तडफडला."  त्या रात्री मिस्त्री जेवले नाहीत, हेही मुमताजबींनीच आईला सांगितलं.

माणसाला वाटेल, इथे हे प्रकरण मिटलं. जे कळायचं ते कळलं. पण मिस्त्रींचा खरा त्रास पुढेच होता.

त्यांनी नव्या काचा मागवल्या आणि घरोघर निघाले. म्हणायचे, चूक माझी आहे, मी सुधारून देतो, मुंडकं दोन दिवस द्या. पहिले गेले एका वकिलांकडे. वकील हसले. "मिस्त्री, किती वर्षं हा वाघ माझ्याकडे असा बघतोय. अशिलं त्याला घाबरतात. त्याची नजर कशाला बदलता?" एका डॉक्टरांच्या घरी मुंडकं भिंतीतून काढलं तर गिलावा पडेल म्हणून बाईंनी हातच लावू दिला नाही. भुसावळच्या कंत्राटदाराने तर उत्तरच दिलं नाही, नोकराकरवी चहा पाठवला. सबंध जळगावात एकानेही डोळे बदलून घेतले नाहीत. मिस्त्री रोज संध्याकाळी काचांची पेटी काखेत मारून परत येत आणि ओट्यावर बसून चपला आपटत.

"तेव्हा मला हसले ना सगळे?" ते मला म्हणाले. "मांजरवाले मिस्त्री म्हणाले ना? मग आता मांजराचे डोळे काढतो म्हणतो तर का नको?"



शेठचा वाघ त्यांनी जीव ओतून भरला. त्यांचं सर्वांत चांगलं काम ते. मान किंचित वळलेली, ओठ मिटलेले, आणि डोळे फिके पिवळे, बारीक गोल बाहुलीचे. मी तो पाहिला. भीती वाटली नाही, पण त्याच्यासमोर आवाज चढवून बोलावंसं वाटेना. शेठ बघायला आले. 

"खाजाभाऊ, हे काय केलंत?"

"जसा होता तसा केला, शेठ."

"भोळा दिसतोय. म्हशीसारखा बघतोय. आणि तोंड का मिटलंय? दात कुठायत?"

"त्या वेळी तोंड मिटलं होतं त्याने."

"कोणाला माहितीय ते? लोक मला विचारतील, हे काय कुत्रं मारलं का म्हणून. तोंड उघडा त्याचं. आणि डोळे पहिल्यासारखे लावा, रेघेचे."

"रेघ नसते, शेठ. तुम्हीही होतात तिथे."

"मी काय डोळे बघायला गेलो होतो?" शेठचा आवाज चढला. मग त्यांनाच वाईट वाटलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघा, भिंत माझी, वाघ माझा. तुम्ही माझ्यासाठी एवढंही करणार नाही?"

"दुसरं काहीही करीन," मिस्त्री म्हणाले. "हे नाही."

शेठनी माणसं पाठवून वाघ उचलून नेला आणि मुंबईला एका कारखान्यात धाडला. तिथून तो जबडा वासून, लाल जीभ काढून, हिरव्या उभ्या रेघेचे डोळे घेऊन परत आला. पेढीवर जुन्याच्या शेजारी लागला. येणारे जाणारे वाहवा करत. शेठचं चहाला मिस्त्रींच्या दुकानात येणं थांबलं. भांडण असं झालं नाही. रस्त्यात भेटले की दोघे नमस्कार करत आणि आपापल्या वाटेने जात.

पुढल्या ऑक्टोबरात पुन्हा चढाओढ झाली. मिस्त्रींना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते आले आणि मागे उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत छगन मास्तरांपाशी गेले.

"मास्तर, तुमचं बरोबर होतं. गोल असते. मी पाहिली."

मास्तर सतरंज्या मोजत होते. "काय गोल असते, मिस्त्री?"

"बाहुली. वाघाची. मागच्या वर्षी तुम्ही विचारलं होतं."

"असं होय? विचारलं होतं का?" मास्तर म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. अहो, ती कोपऱ्यातली घडी जरा इकडे द्या."

मिस्त्रींनी घडी उचलून दिली. मी पाहत होतो. त्यांचे कान लाल झाले होते. ते मास्तरांना सगळं सांगायला आले होते, सर्कस, पाडा, नाला, सगळं. मास्तरांची त्यात काही चूक नव्हती, त्यांना दहा कामं होती. मी मिस्त्रींबरोबर घरापर्यंत चालत गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आता गोल म्हटलं तरी कोणाला काही नाही."

त्यानंतर वाघाचं, बिबट्याचं काम त्यांनी घेतलं नाही. हरणांची मुंडकी घेत राहिले, पण तीही आता वेळेवर होईनात. हरणाची बाहुली आडवी असते असं त्यांना कोणी सांगितलं होतं, तर ते आधी शेळ्या बघायला गेले, मग कोणाच्या तरी मळ्यात पाळलेलं चितळ होतं ते बघायला चाळीस मैल गेले. कान कसा हलतो, नाकपुडी ओली असते की कोरडी, नाना शंका. गिऱ्हाईक सहा-सहा महिने खेपा घालायचं. "मिस्त्री, भिंतीवर टांगायचंय, त्याला चारा घालायचा नाही," असं एकजण माझ्यासमोर वैतागून म्हणाला आणि कातडं उचलून घेऊन गेला. मिस्त्रीही तेवढेच वैतागले होते. गिऱ्हाइकांवर, स्वतःच्या हातांवर, त्या बिचाऱ्या उस्तादांवर. एकदा मला म्हणाले, "उस्तादांनी मला डोळे शिकवले ते त्यांच्या उस्तादांनी शिकवले तसे. त्या सगळ्या माणसांत एकालाही बघावंसं वाटलं नाही?"

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षापर्यंत त्यांचा जुना धंदा जवळजवळ बसला. ते बैलांचा चामड्याचा साज करू लागले, घुंगरांचे पट्टे, गोंडे. हात चांगला होता, त्यामुळे पोळ्याच्या आधी दारात शेतकऱ्यांची रांग लागायची. मुमताजबी खूश होत्या. तो वास गेला, सोमलाची बरणी गेली. मिस्त्रींना मात्र साज करताना मी कधी गुणगुणताना ऐकलं नाही. पूर्वी कातडं शिवताना ते गुणगुणायचे.

जळगाव सोडण्याआधी मी त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा गल्लीतल्या यशोदाबाईंचा पाळलेला पोपट मेला होता. बाईंना मूल नव्हतं, तो पोपटच सगळं होता. त्यांनी तो रुमालात गुंडाळून मिस्त्रींकडे आणला आणि म्हणाल्या, भरून द्या. मिस्त्री नाही म्हणू शकले नाहीत. पण हात लावायच्या आधी त्यांना जिवंत पोपट बघायचा होता. शेजारच्या न्हाव्याकडे एक होता. मी गेलो तेव्हा मिस्त्री न्हाव्याच्या पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले होते, हातात ओली डाळ धरून. पोपट त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"सकाळपासून बसलोय," मिस्त्री मला म्हणाले. "हा हरामखोर मान वळवत नाही."

मी थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसलो. मग माझ्या गाडीची वेळ झाली.